गोठ्यातली जाळी काढू का ठेवू? आणि लसीचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात लंपीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथरोगाच्या, लसीबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की गोठ्यात सरसकट विषारी औषध फवारू नका, त्याने माश्यांबरोबर माश्या खाणारे कोळीही मरतात. लेख होता लसीवर आणि पत्रं आली निम्मी कोळ्यांवर! बरं झालं, म्हणून यावेळी दोन्ही एकत्रच घेतोय. पत्र पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम टाकली नाहीत, फक्त तालुका ठेवलाय.

तुमचं वाचून मी घरी सांगितलं की गोठ्यातली जाळी काढायची नाही. आई म्हणते जाळं म्हणजे दळिद्र, दिवाळीआधी सगळं झाडून काढ. रोज वाद होऊन राहिला. खरंच जाळ्यांनी लंपी थांबते का? (तालुका रावेर)

नाही थांबत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आई माझ्या नावाने बोटं मोडतील.

लंपीचा विषाणू एका गायीकडून दुसरीकडे जातो तो मुख्यतः चावणाऱ्या किड्यांमार्फत, म्हणजे गोठ्यातली ती चावरी माशी जी दिसायला घरमाशीसारखीच असते पण पायाला डसली की गाय सारखी पाय आपटत राहते, मग डास आणि गोचीड. ही माशी एका गायीचं रक्त अर्धवट पिते, गाय शेपटी मारते, की लगेच उडून शेजारच्या गायीवर, आणि सोंडेला लागलेला विषाणू तिकडे. डासांचं तर २००१ सालच्या प्रयोगात दिसलं की रोगी जनावराला चावलेला डास पुढे काही दिवस निरोगी जनावराला लागण करू शकतो. आता कोळी या माश्या आणि डास खातात का, तर भरपूर खातात. छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायाचा, उलटा लटकणारा, हात लावला की गदागदा हलणारा कोळी बघितला असेल, त्याच्या जाळ्यात डासांची टरफलं मोजून बघा. भिंतीवर जाळं न विणता टुणकन उडी मारून माशी धरणारा असतो तो वेगळा. जगभरातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन कीटक वगैरे खातात असा एक अंदाज २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडला होता. पण गोठ्यात हजार माश्या असतील आणि कोळ्यांनी त्यातल्या दोनशे खाल्ल्या तरी आठशे उरतातच ना, आणि लंपीला दोन-चार पुरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की कोळी हा गोठ्यातला बिनपगारी सालदार आहे, त्याला हाकलू नका, पण सगळी शेती त्याच्यावर टाकून निवांत झोपूही नका. माशी कमी करायची तर ती जिथे जन्मते तिथे हात घालावा लागतो. चावरी माशी नुसत्या ताज्या शेणात फारशी वाढत नाही, तिला आवडतो तो गव्हाणीखाली सांडलेला ओला चारा, त्यात मूत, त्यात शेण, असा कुजका थर. तो थर आठवड्यातून दोनदा खरवडून उन्हात पातळ पसरवला तर अंडी आणि अळ्या तिथेच वाळून मरतात, आणि आपल्याकडे उन्हाची काही कमी नाही. हे काम फुकट आहे. तरी लोक हे सोडून दुकानातून सायपरमेथ्रिनची बाटली आणतात, भिंती, छत, गव्हाण सगळं भिजवतात, कोळी दोन दिवसांत साफ होतात, माश्या मात्र दोन-तीन आठवड्यांत नव्या येतात कारण उकिरडा तसाच आहे.

आणि आईंचं काय? जिथे दूध काढता त्याच्या डोक्यावरची जाळी झाडा, धूळ आणि कचरा दुधात पडतो. विजेच्या बोर्डाभोवतीची झाडा, वाळल्या जाळ्याला ठिणगीने आग लागते. मागच्या भिंतीची, वरच्या वाशांची, खिडकीची राहू द्या. अर्धी दिवाळी आईंची, अर्धी तुमची.

भाऊ, मनी गायना आंगवर गाठी उठेल शेतस, आते काय करू? शेजारी म्हणतो कोळी अंगावरून फिरला, त्याने असं होतं, चुना लाव. (तालुका पारोळा)

चुना ठेवा बाजूला आणि आधी ताप बघा. ताप, डोळ्यानाकातून पाणी, खाणं कमी, पायाला सूज, आणि दोन ते पाच सेंटीमीटरच्या टणक, बोटाने चाचपता येतील अशा गोल गाठी मानेवर, पाठीवर, कासेवर असतील तर लंपी समजूनच चालायचं. आज, आत्ता त्या गायीला वेगळं बांधा, तिची बादली वेगळी, आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. हा रोग कळवणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, लपवायचा नसतो. आजारी गायीला आता लस टोचून उपयोग नाही, तिला उपचार आणि बाकीच्यांना लस. माणसाला लंपी होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्यायला हरकत नाही.

कोळ्याचं म्हणाल तर त्याचं विष माशी-किड्यांना लोळवण्यापुरतं. आपल्या घरागोठ्यातला कोळी अंगावरून फिरला म्हणून गायीच्या अख्ख्या अंगावर गाठी उठत नाहीत. माणसांच्या अंगावर पावसाळ्यात जे जळजळीत चट्टे उठतात आणि आपण कोळ्यावर ढकलतो, ते बऱ्याचदा एका छोट्या लाल-काळ्या भुंग्यासारख्या किड्याचे असतात, तो दिव्यावर येतो आणि अंगावर चिरडला की त्यातला रस कातडी भाजतो. नाव मात्र बिचाऱ्या कोळ्याचं.

२०२२ ला आमच्या गायीला जी लस दिली ती शेळीच्या देवीची होती असं नंतर कळलं. शेळीची लस गायीला? फसवणूक तर नाही ना झाली? (तालुका चोपडा)

फसवणूक नाही. गायीचा लंपी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी हे तीन विषाणू एकाच घराण्यातले सख्खे भाऊ आहेत, इतके सारखे की एकाची लस दुसऱ्याविरुद्ध बऱ्यापैकी काम करते. लंपी पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात. भारतात आला २०१९ ला, ओडिशात. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली त्या साथीची पहिली नोंद कुठली, तर आपल्याच रावेर तालुक्यातलं चिनावल. तेव्हा गायीची स्वतःची देशी लस बाजारात नव्हती, शेळीची मात्र तयार होती, मग तीच वापरली. घर पेटल्यावर विहीर कोणाची हे विचारत बसत नाही माणूस.

गायीची स्वतःची लस त्याच महिन्यात, १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली, लंपी-प्रोव्हॅक-इंड नावाची. गंमत म्हणजे ती बनवली हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने, म्हणजे घोड्यांच्या संस्थेने, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेला सोबत घेऊन. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हे सांगितलं तर घोडेवाले कॉलर ताठ करतील! २०१९ साली रांचीच्या रोगी जनावरातून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर पिढ्यानपिढ्या वाढवला, प्रत्येक पिढीत तो पेशींना सरावत गेला आणि गायीला आजारी पाडायची ताकद हरवत गेला. याला जिवंत पण दुबळी केलेली लस म्हणतात. ती टोचल्यावर दोन-तीन दिवस किंचित ताप, टोचल्या जागी गाठ, दूध थोडं कमी, हे होऊ शकतं, घाबरू नका. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून साथ गावात शिरल्यावर नाही तर पावसाळ्याआधी टोचायची.

लाळ्या खुरकूतची लस दरवेळी घेतो तरी मागच्या वर्षी दोन बैलांना तोंड आलं. मग ही लस कशाला घ्यायची, आजोबांच्या वेळची बुळकांडी लसीने पार गेली ना? (तालुका शिंदखेडा)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर दोन विषाणूंच्या स्वभावात आहे.

बुळकांडीचा विषाणू लसीच्या दृष्टीने एकच प्रकारचा होता. जनावर एकदा टोचलं की जवळजवळ जन्मभराचं काम झालं. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी तो विषाणू शेळ्यांमधून फिरवून फिरवून लस केली, पुढे प्लाउराइट यांची पेशींवर वाढवलेली लस आली, आणि २०११ साली जगाने जाहीर केलं की बुळकांडी संपली. माणसाच्या देवीनंतर असा समूळ गेलेला हा एकच रोग, आणि तो जनावरांचा.

लाळ्या खुरकूतचं तसं नाही हो. त्याचे आपल्याकडे तीन प्रकार फिरतात, ओ, ए आणि एशिया-१, आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला ओळखतही नाही, म्हणून एका सुईत तिन्ही घालावे लागतात. त्यात हा विषाणू सारखा रूप बदलतो, त्यामुळे लसीतला प्रकार आणि गावात फिरणारा प्रकार जुळतो का ते सारखं तपासत राहावं लागतं. लस मेलेल्या विषाणूची असते, तेलात कालवलेली, तिचा जोर साधारण सहा महिनेच टिकतो. वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस आणि महिन्याभराने बूस्टर, तो बूस्टर आपल्याकडे कितीजण देतात ते तुम्हीच सांगा.

आता तुमच्या बैलांचं काय झालं असेल? पत्रात तुम्ही लिहिलंय की लस दिल्यावर पाचव्या दिवशी बाजारात नेले होते. पाच दिवसांत शरीर तयारच होत नाही, किमान दोन आठवडे धरा. दुसरं, लस २ ते ८ अंशात ठेवायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, मोटरसायकलच्या डिकीत बर्फाशिवाय अर्धा तास फिरलेली लस म्हणजे पाणीच समजा. उलट बर्फाला चिकटून गोठली तरी तेल आणि पाणी वेगळं होऊन वाया जाते. तेव्हा टोचायला आलेल्या माणसाला लाजू नका, थर्मास उघडून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. तिसरं, गावातल्या दहातल्या चारच गोठ्यांनी लस घेतली तर विषाणू गावात फिरतच राहतो.

आणि ही लस केंद्राच्या २०१९ च्या कार्यक्रमात फुकट मिळते, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला (गायींचा गाभ पाडणारा जंतुरोग) दोन्हीसाठी त्यात पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये ठेवले होते. कानात बारा आकडी बिल्ला मारावा लागतो एवढंच. बिल्ल्याने कान कुजतो म्हणून लस नाकारणारे लोक बघितलेत मी, तेच लोक दोन हजाराची फवारणी एका दमात घेतात. असो, रागावलो जरा.

गाभण गायीला लस चालते का? (तालुका धरणगाव)

लाळ्या खुरकूतची चालते, पण शेवटच्या महिन्यांत ओढाताण करून टोचू नका. ब्रुसेलाची मात्र गाभण गायीला अजिबात नाही, गर्भपात होऊ शकतो. ती लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच, आणि ती जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याला चुकून सुई लागली तर त्याला तापाचा आजार होऊ शकतो, लगेच डॉक्टर गाठायचा. गोऱ्ह्याला देत नाहीत.

कपाशीत बारीक लाल कोळी होता म्हणून दुकानदाराने कोळीनाशक दिलं. आता वाटतंय चांगले कोळीही मेले असतील. फरक कसा ओळखायचा? (तालुका यावल)

लाल कोळी म्हणजे पानाच्या मागे भिंगाशिवाय नीट दिसणारही नाही एवढा ठिपका, तो पानाचा रस पितो, पान ठिपक्याठिपक्याने पिवळं-तांबडं होतं आणि मागे धुळीसारखं बारीक जाळं. खरा कोळी पान खात नाही, रसही पीत नाही. (मध्य अमेरिकेत एक आहे जो मुख्यतः बाभळीसारख्या झाडाच्या पानांच्या टोकांवरचे बारीक कण खातो, पण तो अपवाद, इकडे नाही.) निव्वळ लाल कोळ्यावरचं औषध खऱ्या कोळ्यांना तुलनेने कमी त्रास देतं. खरा घात होतो तो पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, तुडतुडे आणि मावा दिसला की मारलेल्या जहाल फवारण्यांनी, कारण त्यात कोळी, ढालकिडा, क्रायसोपा असे सगळे मित्रकीटक जातात आणि मग पांढरी माशी मोकळं रान बघून चढते. भातात हे फिलिपिन्सच्या संशोधकांनी फार आधी दाखवलं, औषध मारल्यावर जमिनीवरचे शिकारी कोळी मेले आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढले.

कपाशीच्या शेंड्यावर पायाला काटे असलेला, हिरवट, चपळ कोळी दिसला तर तो तुडतुड्यांचा आणि लहान अळ्यांचा शिकारी आहे. फुलात दबा धरून बसलेला खेकड्यासारखा पांढरा-पिवळा कोळी मधमाशीही धरतो, तेवढं चालवून घ्या. पण गुलाबी बोंडअळीवर कोळ्याची आशा धरू नका, अळी बोंडात शिरली की तिथे ना कोळी पोचतो ना औषध. तिचा पतंग रात्री जाळ्यात अडकतो कधीमधी, पण खरी मदार कामगंध सापळे, वेळेवर पऱ्हाटी उपटणं आणि फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवर लांबवलेलं पीक, न घेणं यावरच. बांध मात्र स्वच्छ तासू नका. फवारलेल्या वावरात कोळी परत येतात ते बांधावरच्या गवतातून.

हिवाळ्यात हरभऱ्याच्या वावरात सकाळी सगळीकडे दवाने भरलेली जाळी दिसतात, दुपारी काहीच नाही. कुठून येतात आणि कुठे जातात? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे)

जात कुठेच नाहीत, दव वाळलं की दिसेनाशी होतात. बांधावरच्या गवतात जमिनीलगत चादरीसारखं जाळं आणि एका बाजूला नरसाळ्यासारखं बीळ असेल तर त्यात आतल्या तोंडाशी कोळी बसलेला दिसेल, गवताची काडी हळूच हलवून बघ.

आणि नवीन येतात ते हवेतून. पिल्लू गवताच्या टोकावर चढतं, मागचा भाग वर करतं, धागा सोडतं आणि उडून जातं. डार्विनने १८३२ साली बीगल जहाजावर किनाऱ्यापासून ६० मैल आत समुद्रात असे कोळी उतरताना बघितले होते. २०१८ ला ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवलं की वारा नसतानाही हवेतल्या विजेच्या भाराने कोळी वर उचलले जातात. तू प्राणिशास्त्र शिकतेस म्हणून एक सुचवतो, फवारलेलं आणि न फवारलेलं अशी शेजारशेजारची दोन वावरं घे, दर आठवड्याला ठरलेल्या तेवढ्याच झाडांवरचे कोळी मोज. प्रोजेक्टला पैसा लागत नाही आणि खान्देशातल्या कपाशी-केळीत असं मोजून ठेवलेलं उपयोगी पडेल.

गोचीड आठ पायांचा म्हणजे कोळीच झाला की. मग कोळी ठेवा आणि गोचीड मारा हे कसं? (तालुका शहादा)

बरोबर पकडलंत! गोचीड कोळ्याचा चुलतभाऊच आहे, फक्त अळी अवस्थेत सहा पाय. पण हा भाऊ रक्तावर जगतो आणि संकरित गायींना थायलेरिओसिस, म्हणजे गोचीड ताप, देतो. त्या तापावर लस आहे, संकरित वासरांसाठी डॉक्टरांना विचारा.

खुद्द गोचिडाविरुद्धही लस निघाली आहे, १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबामध्ये. तिची युक्ती झकास आहे. गोचिडाच्या आतड्यातलं एक प्रथिन गायीला टोचायचं, गायीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, गोचीड रक्त पितो आणि त्याच रक्ताने त्याचं आतडं फाटतं. सगळे मरत नाहीत, पण जगलेल्या माद्या अंडी कमी घालतात. गोचिडाच्या जातीप्रमाणे तिचा परिणाम कमीजास्त होतो आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे दवाखान्यात जाऊन भांडू नका. तोवर गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपा, गोचीड अंडी तिथेच घालतो. औषध लावायचं ते जनावराच्या अंगावर, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात आणि औषधानंतर जितके दिवस दूध वापरायचं नाही तेवढे पाळून.

कोंबड्यांना मानमोडीची लस देतो, मग बर्ड फ्लूची का नाही? (नवापूर)

नवापूरकरांनी हे विचारणं साहजिक आहे, देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तुमच्याच गावी सापडला आणि २०२१ ला पुन्हा. त्या जहाल प्रकारासाठी भारताचं धोरण लसीचं नाही, बाधित भागातले पक्षी नष्ट करून भरपाई द्यायचं आहे. कारण लस टोचलेली कोंबडी आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकते, मग रोग कुठवर गेला तेच कळत नाही. मानमोडीची लस मात्र चुकवू नका.

आमच्या बांधावरच्या बाभळीवर मळक्या कापसासारखे जाळ्याचे गोळे आहेत, आत खूप कोळी एकत्र राहतात. एक गोळा तोडून गोठ्यात टांगला तर माश्या कमी होतील का? (तालुका अक्कलकुवा)

तुम्ही सांगता तसे असतील तर ते बहुतेक एकत्र राहणारे सामाजिक कोळी, शास्त्रीय नाव स्टेगोडायफस. कोळी सहसा एकमेकांना खातात, हे मात्र शेकड्याने एका घरट्यात राहतात, मिळून शिकार ओढतात, दुसरीची पिल्लंही सांभाळतात. तुमची कल्पना वेडी नाही. मेक्सिकोत डोंगराळ भागातले लोक अशाच एका दुसऱ्या सामाजिक कोळ्याचं घरटं पावसाळ्यात घरात टांगायचे, माश्यांसाठी. दक्षिण आफ्रिकेत तर तुमच्या कोळ्याच्याच एका भाऊबंदाची घरटी माश्या कमी करायला वापरून बघितली होती.

तरी तोडून आणू नका. गोठ्यात धुरी होते, पाणी मारलं जातं, गाय शेपटीने गोळा खाली पाडते, आणि उपटलेल्या वसाहतीतले बरेच कोळी असेच मरतात. त्यापेक्षा गोठ्याच्या दहा-वीस पावलांवर बाभूळ असेल तर ती छाटू नका, कोळी आपणहून येतील तर येतील. गोठ्यातल्या माश्यांसाठी वर रावेरच्या भाऊंना सांगितलं तेच, गव्हाणीखालचा थर आठवड्यातून दोनदा. आणि हो, पत्रात तुम्ही सात जनावरं लिहिलीत आणि बिल्ले चारच, बाकीच्या तिघांचे पुढच्या लसीकरणाआधी मारून घ्या.